अक्का, भोंगा आणि वेलचेरीतली एक रात्र

तुमच्या घरात गिटार आहे का? असेल, तर ती आत्ता कुठे आहे ते आठवून पाहा. दहावीच्या सुट्टीत हट्टाने घेतलेली, अकरावीत दोन गाण्यांपर्यंत पोहोचलेली आणि बारावीत 'आता पुरे' म्हणून कपाटावर गेलेली गिटार मी निदान दहा घरांत पाहिली आहे. बहुतेक घरांत तिची गोष्ट तिथेच संपते. आमच्या घरात ती संपली नाही. ती सोलापुरातून निघाली आणि चेन्नईच्या वेलचेरीत जाऊन राहिली.

ही गिटार माझ्या भाच्याची. इंजिनीअर झाला, चेन्नईत नोकरी लागली, चार वर्षं नीट चालली. दिवसा तरमणीच्या ऑफिसात काम आणि रात्री तीन मित्रांबरोबर बँड. इथपर्यंत कुणाची काही तक्रार नव्हती. पण गेल्या दिवाळीत फराळाचं ताट समोर असतानाच तो म्हणाला, "एक वर्ष नोकरी सोडून अल्बम करायचा विचार आहे."

दाजी, म्हणजे त्याचे वडील, दोनच वाक्यं बोलले. "हे आपलं संगीत नाही. आणि यात पोट भरत नाही."

अक्का, माझी थोरली बहीण, काहीच बोलली नाही. ती शेंगा चटणी आणि कडक भाकरीचा घरगुती व्यवसाय चालवते. मालाची चव घेतल्याशिवाय भाव सांगत नाही, हा तिचा नियम. चार दिवसांनी तिचा मला फोन आला. "डिसेंबरात त्याचा कार्यक्रम आहे. माझं आणि तुझं तिकीट काढ. ऐकल्याशिवाय मी हो म्हणणार नाही, आणि नाही पण म्हणणार नाही."

मित्रांनो, अक्काचं हे वाक्य मला फार महत्त्वाचं वाटतं. मुलं काहीतरी वेगळं करायचं म्हणतात तेव्हा आपण लगेच मत देतो. ते काय करतात हे त्यांच्या जागी जाऊन, तिकीट काढून, शेवटपर्यंत बसून ऐकणारे आईवडील किती?

'इंडी' म्हणजे काय हो?

गाडी सोलापूरहून रात्री उशिरा निघाली. सकाळी चहा घेताना अक्काने विचारलं, "तो सारखा इंडी, इंडी म्हणतो. ते काय असतं?"

तुमच्यापैकी कुणाला हाच प्रश्न पडला असेल तर सांगते. इंडी म्हणजे इंडिपेंडंट, स्वतंत्र. सिनेमासाठी नाही, मोठ्या कंपनीच्या सांगण्यावरून नाही. गाणं स्वतः लिहायचं, स्वतः चाल लावायची, स्वतःच्या पैशाने रेकॉर्ड करायचं आणि स्वतःच लोकांपर्यंत न्यायचं. आपल्याकडे हे काल-परवा आलेलं नाही. मुंबईत धोबी तलावच्या रंगभवनात १९८६ पासून 'इंडिपेंडन्स रॉक' नावाचा महोत्सव भरू लागला. पुण्यात २०१० साली 'एनएच सेव्हन वीकेंडर' सुरू झाला. हिंदीत गाणाऱ्या 'द लोकल ट्रेन'ची गाणी तुमच्या घरातल्या कॉलेजच्या मुलांना पाठ असतील. बेंगळुरूचा 'अगम' कर्नाटक संगीत आणि रॉक एकत्र वाजवतो. खुद्द चेन्नईत 'द एफ सिक्स्टीन्स' इंग्रजीत गातात. २०१७ मध्ये दिग्दर्शक पा. रंजित यांच्या पुढाकाराने उभा राहिलेला 'द कास्टलेस कलेक्टिव्ह' उत्तर चेन्नईच्या वस्त्यांतलं 'गाना' हे लोकगीत रॉक आणि रॅपबरोबर मांडतो.

अक्काने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे दुसऱ्याच्या लेबलखाली माल द्यायचा नाही. एवढंच ना?"

मागे एका व्यापाऱ्याने तिची चटणी स्वतःच्या नावाने विकायची तयारी दाखवली होती. पैसे बरे मिळाले असते. अक्काने नकार दिला होता. त्यामुळे इंडी तिला माझ्या आधी कळलं असं म्हणायला हरकत नाही.

भाच्याच्या बँडचं नाव मी इथे देत नाही. तशी त्याची अट आहे. "मावशी, लोकांनी गाणं आवडलं म्हणून यावं, मावशीचा लेख वाचून नको."

पाण्याच्या काठावरची वस्ती

वेलचेरी म्हणजे दक्षिण चेन्नई. एकेकाळी तळं, शेतं आणि दंडीश्वराचं जुनं देऊळ असलेलं हे गाव. आज तिथे उंच इमारती, आयटीतली मुलं, फिनिक्स मार्केटसिटीसारखा मोठा मॉल आणि भाड्याच्या खोल्यांच्या पाट्या आहेत. त्या मॉलच्या मोकळ्या अंगणात नावाजलेल्या कलाकारांचे कार्यक्रम होतात. एका बाजूला आयआयटी मद्रासची झाडी आहे, तिथे हरणं फिरतात. दुसऱ्या बाजूला पळ्ळीकरणैची दलदल आहे. तिला २०२२ मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. हिवाळ्यात तिथे लांबून पक्षी येतात.

पाणी मुरण्याच्या जागी शहर वाढलं की पाऊस आपली जागा परत मागतो. डिसेंबर २०१५ च्या पुरात वेलचेरी बुडाली. डिसेंबर २०२३ मध्ये मिचौंग चक्रीवादळ आलं तेव्हा पुन्हा तेच झालं. मोठ्या पावसाचा इशारा मिळाला की इथले लोक आपल्या गाड्या उड्डाणपुलावर नेऊन लावतात. आपल्याला ऐकायला गंमत वाटते, पण त्यांना तो शहाणपणा अनुभवाने आला आहे.

भाच्याच्या बँडची सरावाची खोली तेव्हा तळमजल्यावर होती. २०२३ च्या त्या पावसात खोलीत कमरेइतकं पाणी भरलं. गिटारी माळ्यावर टाकून वाचवल्या, पण अँप्लिफायर आणि ड्रमचा मोठा पिंप गेला. हे त्याने घरी कधी सांगितलंच नव्हतं. आम्हाला दुसऱ्या मजल्यावरची नवी खोली दाखवताना बोलण्याच्या ओघात सांगून गेला.

"मग परत कशातून घेतलंस?" अक्काने विचारलं.

"आठ महिने पैसे साठवले. तोपर्यंत ड्रमर उशीवर सराव करायचा."

अक्काने खोली नीट पाहिली. भिंतींना अंड्यांचे ट्रे आणि जुन्या रजया लावलेल्या होत्या, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. एक रजई तिनेच शिवलेली होती. ती तिने ओळखली, पण बोलली नाही. फक्त खालचं टोक निघालं होतं ते बोटाने आत खोचलं.

उभ्याने ऐकलेला कार्यक्रम

कार्यक्रम शनिवारी संध्याकाळी, एका दुकानाच्या वरच्या मजल्यावरच्या छोट्या हॉलमध्ये होता. दीडशे माणसं मावतील एवढी जागा. खुर्च्या नाहीत. सगळे उभे. आम्हा दोघींना पाहून दारावरच्या मुलीने कुठून तरी दोन प्लास्टिकच्या खुर्च्या आणल्या आणि कानात घालायला फोमचे बोळे दिले. "अम्मा, स्पीकरच्या समोर बसू नका, बाजूला बसा," असं इंग्रजी-तमिळ मिसळून तिने सांगितलं. सोलापुरात आम्ही थोरल्या बहिणीला अक्का म्हणतो, तमिळमध्येही अक्काच. त्यामुळे मी हाक मारली की तिथली दोन-तीन माणसं वळून पाहायची, आणि नंतर नंतर सगळेच तिला अक्का म्हणायला लागले.

बँडमध्ये चौघं. गाणारा चेन्नईचाच, ड्रमर मूळचा मदुरैचा, बेस गिटार वाजवणारी मुलगी त्रिशूरची आणि आमचा सोलापूरचा. बहुतेक गाणी तमिळ, काही इंग्रजी. शब्द कळत नव्हते. तरी पहिल्या दोन गाण्यांत अक्काच्या लक्षात आलं की कुणीच कुणाच्या पुढे पळत नाही. "भजनात टाळवाले जसे पखवाजाकडे बघतात, तशी ही सगळी त्या ड्रमवाल्या पोराकडे बघतात," ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली. गोष्ट खरी होती. रॉक म्हणजे नुसता गोंगाट असं लांबून वाटतं. जवळ बसलं की दिसतं, प्रत्येकाला स्वतःची जागा ठरवून दिलेली असते आणि ती सोडून चालत नाही.

सहाव्या गाण्याआधी भाचा माइकवर आला. त्याने इंग्रजीत सांगितलं की पुढचं गाणं मराठी आहे. ते त्याच्या आजोबांच्या गावाचं आहे आणि त्या गावाला एकेकाळी घड्याळाची गरज नव्हती.

मग त्याने गिटार स्पीकरजवळ नेली. आधी अगदी बारीक घुंई ऐकू आली, मग ती वाढत गेली, वर वर चढली आणि तिथेच लांब ठरली.

वाचकहो, तुम्ही सोलापूरचे, इचलकरंजीचे किंवा मुंबईच्या गिरणगावातले असाल तर तुम्हाला सांगायला नको. तो भोंगा होता, गिरणीचा.

आमचे वडील सोलापुरात गिरणी कामगार होते. पहाटेचा भोंगा झाला की आई चूल पेटवायची. दुसऱ्या भोंग्याला वडील सायकल काढायचे. शाळा, पाणी भरणं, भाकरी, सगळं भोंग्यावर चालायचं. पुढे गिरण्या बंद पडल्या आणि भोंगेही थांबले. भाच्याने तो आवाज कधी ऐकलेला नाही. त्याने तो आजीकडून ऐकला होता. म्हणजे आजी तोंडाने काढून दाखवायची तसा.

गाण्यात फार शब्द नव्हते. पहाट होते, सगळं गाव उठून बसतं, पण कामावर बोलावणारं कुणी नसतं, एवढीच गोष्ट. धृपदाला शब्दच नव्हते, नुसता भोंग्याचा लांब 'ऊ'. दुसऱ्यांदा धृपद आलं तेव्हा समोरची सगळी तमिळ पोरं तो 'ऊ' म्हणत होती. सोलापूर कुठे आहे हेही त्यांतल्या अनेकांना माहीत नसेल.

मी अक्काकडे पाहिलं. तिने कानातले बोळे काढून मुठीत धरले होते.

दाजींचं पहिलं वाक्य: 'हे आपलं नाही'

दुसऱ्या दिवशी रविवारी आम्ही शहर बघायला निघालो. वेलचेरी स्टेशनपासून लोकल सुटते. ही गाडी बहुतेक ठिकाणी उंच खांबांवरून जाते, त्यामुळे खालचं शहर छान दिसतं. तिरुमयिलै स्टेशनला उतरलं की मैलापूर. कपालीश्वराचं मंदिर, तळं, सकाळच्या दारातल्या कोलम म्हणजे त्यांच्या रांगोळ्या, आणि गल्लीगल्लीत फिल्टर कॉफीचा वास.

डिसेंबरात चेन्नईला जाणार असाल तर एक गोष्ट चुकवू नका. त्यांच्या मार्गळी महिन्यात, म्हणजे साधारण डिसेंबरच्या मध्यापासून, इथे कर्नाटक संगीताचा हंगाम असतो. १९२८ साली स्थापन झालेली मद्रास म्युझिक अकॅडमी आणि इतर कितीतरी सभा रोज मैफली ठेवतात. सकाळ-दुपारच्या अनेक मैफलींना तिकीट नसतं. आणि सभांच्या कँटीनमध्ये केळीच्या पानावर जे जेवण मिळतं, त्यासाठी गाणं न कळणारे लोकही येतात.

आम्ही एका सभेत दुपारच्या मैफलीला बसलो. गाणाऱ्या बाईंच्या शेजारी मृदंग होता आणि दुसऱ्या बाजूला व्हायोलिन. कर्नाटक मैफलीत व्हायोलिन नाही असं सहसा होत नाही. पण हे वाद्य मूळचं युरोपातलं. सुमारे दोनशे वर्षांपूर्वी याच मद्रासच्या परिसरात, मणलीच्या मुदलियारांच्या आश्रयाला असलेले बालुस्वामी दीक्षितर हे युरोपियन वादकाकडून व्हायोलिन शिकले. थोर रचनाकार मुत्तुस्वामी दीक्षितरांचे ते धाकटे भाऊ. त्यांनी ते वाद्य आपल्या रागांसाठी वापरायला घेतलं.

आणि यात आपल्या मराठी माणसांचाही वाटा आहे बरं का. तेव्हा तंजावरला भोसल्यांचं राज्य होतं. १७९८ ते १८३२ या काळातले राजे दुसरे सरफोजी यांनी सरस्वती महाल ग्रंथालय वाढवलं, मराठीत 'देवेंद्र कुरवंजी' लिहिलं आणि दरबारात पाश्चात्त्य वाद्यांचा बँडही ठेवला. होय, बँड! तंजावर दरबाराशी जोडलेल्या चार भावांपैकी वडिवेलु हे व्हायोलिनमध्ये इतके तयार झाले की त्रावणकोरच्या स्वाती तिरुनाळ महाराजांनी १८३४ मध्ये त्यांना हस्तिदंती व्हायोलिन भेट दिलं. पुढे याच दक्षिणेत यू. श्रीनिवास यांनी मँडोलिनवर आणि कद्री गोपालनाथ यांनी सॅक्सोफोनवर राग वाजवून दाखवले. ए. आर. रहमान सिनेमात येण्याआधी चेन्नईत 'नेमेसिस अव्हेन्यू' नावाच्या रॉक बँडमध्ये होते.

सोमवारी आम्ही अण्णा सालैवर, म्हणजे जुन्या माउंट रोडवर, 'म्युझी म्युझिकल' हे वाद्यांचं दुकान बघायला गेलो. १८४२ मध्ये ते 'मिस्क्विथ अँड कंपनी' म्हणून सुरू झालं. भाचा तारा बघत होता आणि अक्का एका पेटीसमोर उभी होती. दाजी भजनी मंडळात पेटी वाजवतात. गावात त्यांच्या हाताला मान आहे.

मी तिला सांगितलं, "अक्का, ही पेटीसुद्धा बाहेरचीच. हार्मोनियमचं पेटंट पॅरिसच्या अलेक्झांद्र दबें नावाच्या माणसाने घेतलं, तेही १८४२ सालीच. पायाने भाता मारायची ती पेटी इकडे आली आणि मग तिला हाताचा भाता बसला. आकाशवाणीने तर तिला १९४० पासून तीसेक वर्षं बंदी घातली होती, आपल्या संगीताला ती चालत नाही म्हणून."

अक्का थोडा वेळ पेटीकडे बघत राहिली. "हे घरी गेल्यावर मी सांगणार नाही," ती म्हणाली. "तू सांग."

त्या दिवशी बीच स्टेशनजवळ जॉर्ज टाउनमध्ये कालिकांबाळ मंदिरातही जाऊन आलो. १६७७ च्या दक्षिण मोहिमेत छत्रपती शिवाजी महाराज इथे दर्शनाला आले होते, असं मंदिरात सांगतात. तिथून जवळच रस्त्यावर 'अथो' मिळतं, बर्मी पद्धतीच्या नूडल्स. बर्मातून परतलेल्या तमिळ लोकांनी ते इथे आणलं. अक्काला ते शेंगांचं कूट घातलं असतं तर बरं लागलं असतं असं वाटलं. संध्याकाळी मरीनावर सुंडल खाल्लं, नारळ घातलेली वाटाण्याची उसळच ती, आणि पायावर समुद्र घेतला.

दाजींचं दुसरं वाक्य: 'यात पोट भरत नाही'

आता पैशांचं बोलू. तुम्हालाही तेच जाणून घ्यायचं असेल. शनिवारी कार्यक्रम संपल्यावर मुलं टी-शर्ट विकत होती. अक्का थेट त्या टेबलाशी गेली आणि हिशेबाची वही मागितली. वही नव्हती, मोबाइलवर तक्ता होता. तो तिने वाचायला घेतला.

तिकीट ४०० रुपये, माणसं १३०. जमा ५२,०००. त्यातले ४० टक्के, म्हणजे २०,८०० हॉलचे. आवाजाची बाजू सांभाळणाऱ्याला ८,०००. आधी अर्धा तास वाजवलेल्या दुसऱ्या बँडला ५,०००. पोस्टर, ऑनलाइन तिकिटाचं शुल्क आणि सामानाचा टेम्पो मिळून ३,२००. उरले १५,०००. त्यातले ५,००० बँडच्या गल्ल्यात. बाकीचे चौघांत, प्रत्येकी अडीच हजार. टी-शर्ट २२ गेले, एकामागे २२० रुपये सुटले, ते ४,८४० अल्बमसाठी बाजूला.

"असे कार्यक्रम महिन्यात किती?"

"कधी दोन. कधी एकच."

"आणि मोबाइलवर लोक गाणं ऐकतात त्याचे?"

"त्यात चौघांचा चहा होतो, आई. चांगल्या महिन्यात डोसा."

तो हसला, पण लपवलं काही नाही. गिटारच्या शिकवण्या आहेत, आठ विद्यार्थी. कधी लग्नाच्या रिसेप्शनला दुसऱ्यांची गाणी वाजवतात, त्याचे पैसे बरे मिळतात. दहा महिन्यांचा खर्च निघेल एवढी शिल्लक बँकेत आहे. डोक्यावर कर्ज नाही.

अक्काने मग असा एक प्रश्न विचारला, जो आमच्या कुणाच्याच मनात आला नव्हता. "नोकरी सोडलीस की कंपनीचा आरोग्य विमा संपेल. त्याचं काय?"

चौघंही एकमेकांकडे बघायला लागले. विम्याचा विचार कुणी केलेला नव्हता.

सोमवारी रात्री स्टेशनवर गाडी यायच्या आधी अक्काने आपलं म्हणणं सांगितलं. गाणं कसं वाटलं, आवडलं की नाही, यातलं ती काहीच बोलली नाही. तिने तीन गोष्टी सांगितल्या. एक, राजीनामा द्यायच्या आधी स्वतःचा आरोग्य विमा काढायचा. दोन, दर महिन्याच्या एक तारखेला जमाखर्च घरी पाठवायचा, जसा तिच्या बचत गटात लिहितात तसा, कमी-जास्त न करता. तीन, वर्ष संपलं की घरी येऊन बसायचं आणि वही समोर ठेवून पुढचं ठरवायचं.

"आणि बाबा?" भाच्याने विचारलं.

"बाबांचं बाबा बघतील. मी माझं सांगितलं."

गाडीत बसल्यावर ती मला म्हणाली, "मी धंदा सुरू केला तेव्हा सासूबाईंनी मला वर्ष दिलं होतं. मी याला त्यापेक्षा कमी कसं देऊ?"

तुम्हीही जाणार असाल तर

घरातलं कुणी बँडमध्ये असो वा नसो, एकदा असा छोटा कार्यक्रम जरूर बघा. मोठ्या मैदानावरच्या गर्दीपेक्षा छोट्या हॉलमध्ये वाद्यं जवळून दिसतात. कानात घालायला बोळे न्या, लहान मुलं आणि वयस्कर माणसं बरोबर असतील तर नक्कीच. उभं राहणं जमत नसेल तर आधी फोन करून खुर्ची मागा, सहसा मिळते. पायात सपाट चप्पल असू द्या. गाणं आवडलं तर टी-शर्ट घ्या, कारण त्यातले पैसे सरळ मुलांच्या हातात जातात. चेन्नईला जायचं तर डिसेंबर-जानेवारी बरा, उकाडा कमी असतो. मात्र डिसेंबरच्या सुरुवातीला वादळी पाऊस येऊ शकतो, म्हणून हवामानाचा अंदाज बघूनच तिकीट काढा.

आणि मुलांना प्रश्न विचारायचेच असतील, ते विचारायलाच हवेत, तर कार्यक्रम ऐकून झाल्यावर विचारा. तेव्हा ती मनापासून उत्तर देतात. अक्काच्या एका प्रश्नामुळे चौघांनीही विमा काढला.

आता दाजींचं सांगते. अक्काने भोंग्याचं गाणं फोनवर रेकॉर्ड करून आणलं होतं. तिने ते त्यांना ऐकवलं नाही. संध्याकाळी भाकऱ्या थापताना स्वयंपाकघरात लावलं, एवढंच. दाजी बाहेर पेपर वाचत होते. गाणं संपल्यावर म्हणाले, "परत लाव." दुसऱ्यांदा ऐकून झाल्यावर म्हणाले, "सूर चुकलाय. भोंगा एवढा वर नव्हता." मग त्यांनी पेटी काढली. बराच वेळ एकेक पट्टी दाबून बघत होते. आमच्या गल्लीतले दोन निवृत्त गिरणी कामगारही ऐकायला येऊन बसले. तिघांचं मतभेद होत होत शेवटी एका सुरावर एकमत झालं. दाजींनी तो सूर फोनवर रेकॉर्ड करून मुलाला पाठवला, खाली एक शब्दही न लिहिता.

पेटीचं पॅरिस मी अजून त्यांना सांगितलेलं नाही. सांगेन कधीतरी.

फेब्रुवारीच्या एक तारखेला पहिला जमाखर्च आला. जमा १४,३००, खर्च १६,७५०, तूट २,४५०, विम्याचा हप्ता भरला. त्याखाली एक ओळ होती: 'भोंगा, पांढरी चार. बाबांच्या सांगण्यावरून बदलला.'